अति मायेने मरणारी झाडे

पानफुटीचे एक पान तोडून शाळेच्या वहीत ठेवावे आणि आठपंधरा दिवसांनी वही उघडून पाहावी, हा खेळ मराठी घरांतील मुलांच्या अनेक पिढ्या खेळत आल्या आहेत. त्या पानाला ना माती मिळालेली असते, ना पाण्याचा थेंब. तरीही त्याच्या कडेच्या खाचांतून इवलीइवली रोपे डोकावू लागलेली दिसतात. तीच पानफुटी पुढे कोणी हौसेने चकचकीत चिनीमातीच्या कुंडीत लावतो, दिवाणखान्यातील टेबलावर मांडतो आणि रोज सकाळी न विसरता तिला पेलाभर पाणी घालतो. महिना लोटतो न लोटतो तोच तिचे खोड बुडाशी काळे पडते व ती आडवी होते. वहीत जगलेली पानफुटी कुंडीत का मरावी? या प्रश्नाचे उत्तर ज्याला उमगले, त्याला घरात मांसल पानांची झाडे वाढविण्याची निम्मी विद्या साधली असे म्हणावयास हरकत नाही.

हा प्रश्न केवळ एका कुंडीचा नाही. अंगण, परसू आणि तुळशीवृंदावन मागे टाकून इमारतीतल्या दोन-तीन खोल्यांत राहावयास आलेल्या माणसाला हिरव्या पानाची ओढ असतेच. तो बाजारातून एखादे रोप आणतो, ते मरते. दुसरे आणतो, तेही मरते. मग ‘आपल्या हाताला यश नाही’ असा निष्कर्ष काढून तो रिकाम्या कुंड्या माळ्यावर टाकतो. वस्तुतः त्याच्या हातात दोष नसतो; दोष असतो तो मायेच्या रीतीत. कोरफड, पानफुटी, जेड, स्नेक प्लांट अशा मांसल झाडांपैकी जितकी उपेक्षेने मरतात, त्यांहून किती तरी अधिक लाडाने मरतात.

याचे कारण या झाडांच्या घडणीत आहे. सर्वसाधारण झाडांच्या पानांवर अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. ही रंध्रे दिवसा उघडतात, त्यांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू आत शिरतो आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने झाड त्यापासून आपले अन्न तयार करते. परंतु दार उघडे ठेवले की घरात कोणी येते तसे घरातले काही बाहेरही जाते. उघड्या रंध्रांवाटे पानातील पाण्याची वाफ होऊन निघून जाते. जेथे पाऊस मुबलक आहे तेथे ही उधळपट्टी परवडते. जेथे महिनोन् महिने पाऊस नाही, तेथे ती प्राणावर बेतते.

म्हणून अनेक मांसल झाडांनी निराळीच व्यवस्था केली आहे. ती दिवसा दारे बंद ठेवतात आणि रात्री, हवा थंड झाल्यावर, उघडतात. रात्री आत घेतलेला वायू ती मॅलिक आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतात. कच्च्या सफरचंदाला आंबटपणा येतो तो याच आम्लामुळे. दिवस उजाडला की रंध्रे मिटतात, साठवलेल्या आम्लातून तो वायू पुन्हा मोकळा होतो आणि बंद दाराआड अन्न शिजू लागते. पाण्याचा खर्च त्यामुळे फारच थोडा होतो.

या व्यवस्थेचा एक महत्त्वाचा सुगावा भारतातच, आणि तोही पानफुटीच्या पानात, लागला ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बेंजामिन हाइने हा मिशनरी म्हणून दक्षिण भारतात आलेला आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत वनस्पतींचा अभ्यास करणारा गृहस्थ. पानफुटीचे पान सकाळी चाखले तर चांगले आंबट लागते, दुपारी त्याला चव उरत नाही आणि संध्याकाळी ते किंचित कडवट लागते, असे त्याच्या लक्षात आले. हे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. रात्रभर साठलेले आम्ल दिवसा खर्ची पडते, हाच त्या चवीच्या फरकाचा अर्थ होता. त्याचा पुरता उलगडा मात्र विसाव्या शतकात झाला. हाइनेने पान चाखले म्हणून आज कोणी ते चाखून पाहू नये. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात आणि ती खाऊन गुरे दगावल्याची नोंद आहे.

तर असे हे काटकसरी कुटुंब. त्याच्या पानांत, खोडात पाण्याची कोठारे भरलेली असतात आणि खर्च बेताचा असतो. अशा झाडाच्या मुळांशी रोज पाणी ओतले तर काय होईल? मुळांनाही श्वासोच्छ्वास करावा लागतो. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते, तीवर मुळे जगतात. त्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरतात, कुजतात आणि ओल्या मातीतील बुरशी त्यांचा ताबा घेते. झाड तहानेने नव्हे, तर गुदमरून मरते.

येथे नवशिक्याची एक ठराविक फसगत होते. मुळे कुजली की पानांना पाणी पोहोचत नाही, आणि पाणी न पोहोचल्याने पाने सुरकुततात. ती सुरकुतलेली पाने पाहून घरमालकास वाटते, झाड तहानलेले आहे. तो आणखी पाणी घालतो आणि उरलेला जीवही घेतो. म्हणून पाने पाहण्यापूर्वी माती पाहावी. माती कोरडी आणि पाने सुरकुतलेली, तर झाडाला खरोखर पाणी हवे आहे. एकदा भरपूर पाणी दिले की ते दोनतीन दिवसांत टवटवीत होते. माती ओली आणि पाने पिवळट, पारदर्शक, लिबलिबीत किंवा सुरकुतलेली, तर पाणी तत्काळ थांबवावे. रोप उपटून मुळे तपासावीत. बुडखा काळा पडला असेल तर वरचा निरोगी भाग स्वच्छ सुरीने कापून घ्यावा, पाचसहा दिवस सावलीत कोरडा ठेवावा, कापलेल्या जागी खपली धरली की नव्या, कोरड्या मिश्रणात रोवावा आणि आठवड्यानंतर थोडे पाणी द्यावे. पुष्कळ झाडे अशा रीतीने वाचतात.

आता कुंडीचा विचार करू. बिनझिलईची साधी मातीची कुंडी ही या झाडांना सर्वांत मानवते, कारण तिच्या भिंतींतूनही ओल बाहेर पडते. तिच्या बुडाला भोक हवेच. भोक नसलेले पात्र कितीही देखणे असले तरी ते या झाडाचे थडगे समजावे. कुंडी झाडाच्या मानाने फार मोठी घेऊ नये. जितकी माती जास्त तितकी ओल जास्त काळ टिकते. भोकावर खापरीचा एक तुकडा ठेवावा, तो माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठीच. तळाशी खड्यांचा जाड थर दिल्याने निचरा सुधारतो हा समज मात्र चुकीचा आहे. बारीक मातीतले पाणी खालच्या भरड थरात सहजी उतरत नाही, ते मातीच्या तळाशी अडून राहते. म्हणजे ओलीचा पट्टा नाहीसा न होता उलट मुळांच्या अधिक जवळ येतो. निचरा हवा तर सगळे मिश्रणच भुसभुशीत करावयास हवे. एक भाग बागेतील माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि दोन भाग नदीची जाड वाळू व विटांचे बारीक खडे, असे प्रमाण घरगुती कामास पुरे. विटांची धूळ चाळून टाकावी आणि समुद्राची वाळू कधीही वापरू नये. तिच्यातील मीठ मुळांना बाधते. रोपवाटिकेतून आणलेले रोप बहुधा नारळाच्या काथ्याच्या भुशात असते. तो भुसा दीर्घकाळ पाणी धरून ठेवतो. म्हणून नव्या घराची सवय झाली की रोप आपल्या मिश्रणात हलवावे.

पाणी केव्हा द्यावे, हा सर्वांचा पहिला प्रश्न असतो आणि त्याला वाराचे किंवा तारखेचे उत्तर नाही. अगरबत्ती जळून उरलेली काडी कुंडीत खोलवर खुपसावी आणि दहा मिनिटांनी काढून पाहावी. काडीला माती चिकटली किंवा ती दमट लागली, तर पाण्याचे नाव काढू नये. ती कोरडी निघाली तर बुडातून वाहीपर्यंत पाणी द्यावे, बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे आणि पुन्हा काडी कोरडी निघेपर्यंत स्वस्थ राहावे. रोज चमचाचमचा पाणी घालणे ही दया नव्हे. त्याने वरची माती ओली राहते आणि खालची मुळे मात्र कोरडी. पोटभर जेवण आणि मग लांब उपवास, हीच या झाडांची रीत.

पाण्याइतकीच फसगत प्रकाशाच्या बाबतीत होते. माणसाचा डोळा अंधुक प्रकाशाला लगेच सरावतो. त्यामुळे खोलीच्या मध्यभागी चांगला उजेड आहे असे वाटते, पण खिडकीपासून दोन-तीन हात आत गेले की झाडाच्या दृष्टीने तो प्रकाश फारच कमी झालेला असतो. दुपारी बाराच्या सुमारास झाडाच्या जागी कागद ठेवून त्यावर हाताची सावली पाडून पाहावी. सावलीची कड रेखीव दिसली तर जागा उत्तम. पुसट पण ओळखू येण्याजोगी असली तर काही झाडांना चालेल. सावलीच पडत नसेल तर तेथे झाड ठेवू नये. प्रकाश अपुरा पडला की झाड खिडकीकडे मान लांबवते, खोड बारीक होते, दोन पानांमधले अंतर वाढते. पुष्कळांना ही वाढ वाटते. वस्तुतः ती प्रकाशासाठी चाललेली धडपड असते. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली, कारण सकाळचे ऊन कोवळे असते. सावलीत वाढलेले रोप एकदम कडक उन्हात नेले तर पाने भाजतात. दर दोनचार दिवसांनी थोडे पुढे सरकवीत न्यावे.

देशोदेशीचे पाऊसपाणी सारखे नसल्याने एकाच नियमाने सर्वत्र भागणार नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात हवाच ओलीने जड झालेली असते, ऊन दिसत नाही, कुंडी आठवडेच्या आठवडे सुकत नाही. म्हणून बाल्कांवावर किंवा गॅलरीत ठेवलेल्या कुंड्या पागोळ्यांपासून आत घ्याव्यात, खेळत्या हवेच्या खिडकीशी ठेवाव्यात आणि पाणी जवळजवळ बंद करावे. बेळगावाकडेही पावसाळ्यात हीच खबरदारी घ्यावी. ग्वाल्हेरची गोष्ट निराळी. तेथे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जानेवारीतल्या काही रात्री तो ५ अंशांच्याही खाली उतरतो. थंडीत ओली माती हे मूळकुजीला आमंत्रणच होय. तेव्हा हिवाळ्यात पाणी अगदी कमी करावे आणि रात्री कुंड्या काचेच्या आत घ्याव्यात. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीतील दुपारचे ऊन चुकवावे. कडक उन्हाळ्यात पाणी वाढवावे असे मनात येते. परंतु अतिउष्णतेत या वर्गातील कित्येक झाडे वाढ थांबवून विसावतात. तापलेल्या कुंडीत भर दुपारी पाणी घालणे म्हणजे मुळे उकडणे. पाणी द्यावयाचेच तर काडी कोरडी असल्याची खात्री करून संध्याकाळी द्यावे.

आता कोणती झाडे घ्यावीत? ज्याच्या घरात प्रकाश बेताचा आहे त्याने स्नेक प्लांट घ्यावे. उभ्या, तलवारीसारख्या पानांचे हे झाड पश्चिम आफ्रिकेतले. पूर्वी त्याची गणना सान्सेव्हिएरिया वंशात होत असे, आता ती ड्रॅसिना वंशात होते. कमी उजेड सोसण्यात त्याचा हात धरणारे मांसल झाड क्वचितच सापडेल. त्याच्याखालोखाल हावर्थिया. दक्षिण आफ्रिकेतील ही ठेंगणी, पट्टेदार पानांची वनस्पती वीतभर जागेत मावते, तिला प्रखर ऊन नको असते आणि काटेही बोचणारे नसतात.

कोरफड घराघरांत ओळखीची. पण ती घरात आत ठेवून चालत नाही. तिला उन्हाची खिडकी हवी. तिच्या बुडाशी पिल्ले फुटतात, ती वेगळी करून लावता येतात. पानाच्या सालीखालचा पिवळा रस तीव्र रेचक असतो. तोच आटवून काळा बोळ करतात. म्हणून घरचे पान कापून मनाने पोटात घेऊ नये. जेडच्या बाबतीत नावाचा घोटाळा आहे. खरे जेड म्हणजे क्रॅसुला. जाड, तुकतुकीत पानांचे. आपल्याकडच्या रोपवाटिकांत जेड म्हणून पुष्कळदा मिळते ते लहान, गोल पानांचे पोर्तुलाकारिया. दोन्ही दक्षिण आफ्रिकेतलीच, आणि दुसरे तर तेथील हत्तींचे आवडते खाद्य. हे दुसरे आपल्या हवेत अधिक चिवट ठरते, तेव्हा फसवणूक झाली म्हणून खंत करण्याचे कारण नाही. आणि शेवटी पानफुटी. एका पानावर काम भागत असल्याने ती विकत घेण्याचीही गरज नाही.

गुलाबासारख्या गुच्छाच्या एचेव्हेरिया फार मोहक दिसतात. परंतु त्या मूळच्या मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या, भरपूर उजेड आणि थंड रात्री यांना सरावलेल्या. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात नवशिक्याने त्यांच्या वाटेस जाऊ नये. लाल-पिवळ्या चेंडूंचे कलमी निवडुंगही असेच. त्या रंगीत चेंडूत हरितद्रव्य नसते. तो खालच्या हिरव्या खुंटाच्या जिवावर जगतो आणि बहुधा काही वर्षांतच संपतो. ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटावरून ज्याला नाव पडले ते मादागास्करचे काटेरी फुलझाड कुंडीत छान फुलते. मात्र त्याचा पांढरा चीक डोळ्यांस अपायकारक असल्याने लहान मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नये. घरात कुत्रे-मांजर असल्यास कोरफड, जेड, पानफुटी व स्नेक प्लांट उंचावर ठेवावीत. हावर्थिया त्या दृष्टीने निर्धोक आहे. पाहुण्यांना बोलावून ज्याचे रात्रीचे फुलणे दाखवितात ते आपल्याकडचे कुंडीतले ब्रह्मकमळही निवडुंगच होय. पण ते वाळवंटातले नव्हे, मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या रानांत झाडांवर वाढणारे. त्याला थोडे अधिक पाणी आणि गाळीव उजेड लागतो. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ ते निराळेच.

विक्रीच्या भरात केल्या जाणाऱ्या एका दाव्याचाही विचार करावयास हवा. स्नेक प्लांट रात्री प्राणवायू सोडते, म्हणून ते निजण्याच्या खोलीत ठेवावे असे सांगतात. वर सांगितलेली व्यवस्था ज्याच्या ध्यानात आहे त्याला यातली चूक सहज दिसेल. ही झाडे रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात हे खरे. पण प्राणवायू निर्माण होण्यास प्रकाश लागतो, आणि तो दिवसाच असतो. झाडे खोलीतली हवा शुद्ध करतात या समजुतीला १९८९ साली नासाने केलेल्या प्रयोगांचा आधार दिला जातो. ते प्रयोग लहान बंद पेट्यांत झाले होते. राहत्या घरात खिडकी उघडल्याने जे साधते ते कुंड्यांच्या रांगेने साधत नाही. झाड घरात ठेवावे ते त्याच्या सोबतीसाठी. एवढे कारण पुरेसे आहे.

देखभाल म्हणून उरते ती फार थोडी. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पानांवरची धूळ पुसावी. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण समजावा व स्पिरिटमध्ये बुडविलेल्या कापसाच्या बोळ्याने टिपून काढावा. वाढीच्या दिवसांत एकदोनदा पातळ केलेले खत पुरते. मे महिन्यात तीनचार आठवडे गावी जावयाचे असेल तर निघताना एकदा भरपूर पाणी द्यावे, कुंड्या कडक उन्हातून मागे घ्याव्यात आणि घराला कुलूप लावावे. शेजाऱ्यांना किल्ली देऊन पाणी घालावयास सांगणे हेच धोक्याचे. परक्याची झाडे सुकू नयेत या काळजीने ते दुप्पट पाणी घालतील.

पहिले झाड मेले म्हणून खिन्न झालेल्या माणसाने एवढे करून पाहावे. कोणाकडून तरी पानफुटीचे एक पान मागून आणावे, कोरड्या वाळूमिश्रित मातीवर नुसते टेकवून पूर्वेच्या खिडकीत ठेवावे, आणि रोपांना मुळे फुटेपर्यंत हात आवरावा. जर्मन कवी गटे याला या वनस्पतीचा मोठा नाद होता. तो ती घरी वाढवी आणि तिची पिल्ले स्नेह्यांना भेट देई. आपल्या खिडकीतली पानफुटीही वर्षभरात चार घरी देण्याइतकी वाढेल. देताना मात्र रोपाबरोबर एक अगरबत्तीची काडी द्यावी आणि ती कशासाठी, हेही सांगावे.